महाविद्यालयांतील संशोधन कोणासाठी?

विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ फेब्रुवारी २०२५ रोजी एक सूचनापत्र काढून ‘केअर’ या नावाने परिचित असलेली संशोधन-नियतकालिकांची यादी बंद केली. कोणत्या नियतकालिकात निबंध छापून यावा आणि कोणत्या नाही, हे यापुढे दिल्लीहून सांगितले जाणार नाही. आयोगाने काही मार्गदर्शक निकष सुचविले आहेत. त्यांच्या आधारे विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी आपापला निर्णय घ्यावयाचा आहे. सामान्य वाचकाला या बातमीचे सोयरसुतक वाटण्याचे कारण नव्हते. परंतु पदवी महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या दृष्टीने तिच्यामागे एक जुना व अनुत्तरित प्रश्न उभा आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयाने संशोधन करावयाचे ते कशाचे, आणि कोणाकरिता?

हा प्रश्न विचारण्याची फुरसत गेल्या पंधरा वर्षांत कोणाला मिळाली नाही, कारण त्याचे उत्तर आधीच ठरवून दिलेले होते. आयोगाच्या २०१० सालच्या नियमावलीने अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकनाशी जोडल्या. निबंधाला इतके गुण, ग्रंथाला तितके, चर्चासत्रातील सहभागाला अमुक, असे कोष्टकच तयार झाले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांवरही प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती होती. ती नोव्हेंबर २०२२ मध्ये उठली. २०१८ च्या नियमावलीने महाविद्यालयीन अध्यापकांच्या खालच्या पायऱ्यांवरील बढत्यांपुरता हा जाच बराच सैल केला. तरी सहयोगी प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीसाठी सात आणि प्राध्यापकपदासाठी दहा प्रकाशित निबंधांची अट राहिलीच.

अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पुढे काय घडणार हे सांगता आले असते. एखाद्या वस्तूची मागणी शासनाच्या हुकुमाने एकाएकी कैकपटींनी वाढली आणि तिची प्रत तपासण्याची व्यवस्था मात्र कोणीच उभी केली नाही, तर त्या वस्तूचा पुरवठा कोणत्या दर्जाचा होईल? नेहमीच्या नियतकालिकाला वाचक पैसे देतो, म्हणून संपादकाला वाचकाची भीड बाळगावी लागते. नव्या बाजारात पैसे लेखक देऊ लागला आणि वाचक ही संस्थाच नाहीशी झाली. काही हजार रुपये भरले की आठवड्याच्या आत निबंध प्रसिद्ध, वर प्रमाणपत्र, वर ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण. वर्गात ग्रेशॅमचा नियम शिकवून बाहेर पडलेल्या अध्यापकालाच त्या नियमाचा प्रत्यय घेण्याची वेळ आली.

आयोगाने यावर उपाय म्हणून जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली. तिच्यातील काही भाग विद्यापीठांच्या शिफारशींवरून भरलेला होता. त्या भागाची नमुना-तपासणी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील अभ्यासकांनी केली आणि तिचे निष्कर्ष मार्च २०१८ च्या ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांवर टिकली नाहीत. पत्ता खोटा, संपादक मंडळ खोटे, माहिती अपुरी, असा तो सारा प्रकार होता. त्याच वर्षी २ मे रोजी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. तिचे केंद्रही पुण्याच्याच विद्यापीठात होते. आता तीही गेली.

या सर्व काळात आमच्या महाविद्यालयांतून एक वार्षिक सोहळा रुजला, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. नॅकची समिती यावयाची असली की राष्ट्रीय चर्चासत्र भरते. विषय सर्वसमावेशक असतो. ‘भारतीय अर्थव्यवस्था : समस्या आणि आव्हाने’ या धर्तीचा. सकाळी दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांचे बीजभाषण लांबते, आणि दुपारच्या जेवणानंतर उरलेल्या दीड तासात तीस-चाळीस निबंध प्रत्येकी तीन मिनिटे ‘सादर’ होतात. निबंधसंग्रह मात्र सकाळीच छापून तयार असतो. म्हणजे चर्चा व्हावयाची आहे, पण तिने निबंधात एका शब्दाचाही बदल होणार नाही हे सर्वांना ठाऊक असते. यात कोणाही एका प्राचार्याचा वा प्राध्यापकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. नियम ज्या गोष्टीला मोल देतील तीच गोष्ट माणसे तयार करतील.

यादी राहावी की जावी, हा वाद त्यामुळे मला दुय्यम वाटतो. गुणांकनाने केलेले मोठे नुकसान निराळे आहे. महाविद्यालय ज्या परिसरात उभे आहे, त्या परिसराकडे पाठ फिरवायला त्याने अध्यापकाला शिकविले. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांचे व्यवहार, गावातील जमिनीची विभागणी, साखर कारखान्याकडे येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचे उत्पन्न-खर्च हे विषय ‘स्थानिक’ ठरले. आणि संगणकावर बसल्या जागी मिळणाऱ्या आकड्यांवर बेतलेला निबंध ‘आंतरराष्ट्रीय’ ठरला.

मूळची घडी

याची मुळे अर्थात जुनी आहेत. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे, पदवी देण्याचे विद्यापीठाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यापीठांनी स्वतःचे अध्यापन विभाग सुरू केले तेव्हा संशोधन त्यांच्याकडे गेले आणि महाविद्यालयांकडे नेमलेला अभ्यासक्रम तेवढा उरला. देशभरातील उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या पाहणीनुसार भारतात १,१६८ विद्यापीठे आणि ४५,४७३ महाविद्यालये होती. त्यांपैकी साडेचार हजारांहून अधिक महाविद्यालये एकट्या महाराष्ट्रात. विद्यापीठे मोजक्या शहरांत आहेत, महाविद्यालये तालुक्यातालुक्यांत पसरली आहेत. ज्ञानाच्या दृष्टीने या विस्ताराचा काही उपयोग आहे की नाही, याचा विचार आपण फारसा केला नाही.

पूर्वी असा विचार झालेला आहे, आणि तोही आपल्याच भूमीत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी महाविद्यालयातील सहकाऱ्यांना घेऊन पवनेकाठच्या पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी केली. तिचे पुस्तक १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय शेतीवरील पाठ्यपुस्तकांतून या गावाचे आकडे आजही भेटतात; ते कोणत्या गावाचे आहेत याची विद्यार्थ्यांना बहुधा कल्पना नसते. १७७१ मध्ये तेथील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि १९१५ च्या सुमारास सात एकर उरले होते. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान होते. शेतीवर आणि बाहेरच्या मजुरीवर मिळूनही गावातील जवळजवळ दोनतृतीयांश कुटुंबांचा हिशेब जुळत नव्हता. हे आकडे मॅन यांना कोणत्याही ग्रंथालयात मिळाले नव्हते. त्यांनी गावचे दप्तर उघडले, शिवार पाहिले आणि घरोघरचा हिशेब मांडला.

या गावाची पुनर्पाहणी १९६० मध्ये भारतीय कृषी अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केली. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे, तेथे उंच इमारती आहेत आणि हिंजवडीला कामास जाणारी माणसे तेथे राहतात. सात एकरांचे तुकडे कोणी कोणाला, कोणत्या भावाने, कशासाठी विकले. पैसा आला तो कोठे गेला. कुळे आणि मजूर यांच्या वाट्याला काय आले? हे सारे पाहिलेली माणसे ऐंशीच्या घरात असतील. पुण्याभोवतीच्या, नाशिकभोवतीच्या, औरंगाबाद म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरभोवतीच्या शेकडो गावांत हीच कहाणी आज घडते आहे, आणि त्या प्रत्येक टापूत महाविद्यालये आहेत.

दुसरे उदाहरण मद्रासचे. गिल्बर्ट स्लेटर १९१५ साली मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती एक प्रश्नावली दिली आणि सुट्टीत आपापल्या गावी जाऊन ती भरून आणावयास सांगितले. कोणाची किती जमीन, मजुरी काय, कर्ज कोणाचे, घरात भांडी कोणती, असे साधे प्रश्न. विद्यार्थ्यांच्या या टिपणांतून १९१८ साली एक ग्रंथ झाला. स्लेटर इंग्लंडला परतले, विद्यार्थी आपापल्या उद्योगांना लागले. परंतु ती गावे अभ्यासकांनी सोडली नाहीत. मद्रास विद्यापीठाने १९४० मध्ये त्यांची पुनर्पाहणी प्रसिद्ध केली, आणि त्यांतील इरुवेलपट्टू या गावी तर अभ्यासक १९८१ मध्ये गेले, २००८ मध्येही गेले. जवळजवळ शतकभराचा जमीन, मजुरी आणि जातिसंबंध यांचा इतिहास एका गावापुरता तरी हाती आला, आणि त्याचा पाया एका पदवीच्या विद्यार्थ्याने सुट्टीत भरलेल्या प्रश्नावलीने घातला होता.

धनंजयराव गाडगीळ १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले त्यापूर्वी सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. वाई तालुक्यातील शेतीची त्यांची पाहणी १९४० ची आणि पुणे शहराची १९४५ ची. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या दामोदर कोसंबींनी प्राचीन नाणी हजारोंच्या संख्येने तोलून त्यांच्या झिजेवरून चलनाचा इतिहास वाचला. यांच्या तोलाची माणसे दर पिढीत मिळत नाहीत हे मान्य. पण मॅन यांच्या सहकाऱ्यांनी आणि स्लेटर यांच्या विद्यार्थ्यांनी जे केले, ते करण्यास असामान्य प्रतिभा लागत नाही. चिकाटी लागते, आणि एकाच ठिकाणी पुनःपुन्हा जाण्याची सोय लागते.

तारेला टोचलेल्या पट्ट्या

ही सोय महाविद्यालयाजवळ विद्यापीठापेक्षा अधिक आहे. तौलनिक लाभाचे तत्त्व आपण देशांच्या व्यापाराला लावतो, ते ज्ञानाच्या व्यवहारालाही लावून पाहावे. मुंबई-दिल्लीच्या संशोधन संस्थेतील अभ्यासक एखाद्या तालुक्यात आठ दिवस राहून परत जातो. महाविद्यालयातील अध्यापक तेथे तीस वर्षे असतो आणि त्याचे विद्यार्थी त्याच गावांतून रोज एस.टी.ने येतात.

एक उदाहरण घेऊ. फळे व भाजीपाला यांवरील आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय राज्य शासनाने २०१६ साली घेतला. निर्णय कागदावर स्पष्ट आहे. पण प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या रकमेत काय फरक पडला? आडत गेली आणि तिच्या जागी दुसऱ्या नावाची कपात आली काय? तोलाई, हमाली, वाराई यांचे दर बदलले काय? की खरेदीदाराने आडत धरूनच भाव खाली बोलला? सिद्धांत सांगतो की कर वा शुल्क कायद्याने कोणावर बसविले आहे यापेक्षा, मागणी-पुरवठ्याच्या लवचीकतेनुसार त्याचा भार शेवटी कोणावर पडतो हे महत्त्वाचे. हा करभाराचा धडा आम्ही दरवर्षी फळ्यावर दोन रेषा काढून शिकवितो. त्याच धड्याचा पुरावा समोर बसलेल्या विद्यार्थ्यांच्या घरी, ओसरीवरील तारेला टोचून ठेवलेल्या पट्ट्यांत पडून आहे. माल कोणता, डाग किती, वजन किती, भाव काय, कपात कोणती आणि हाती रोख काय, हे सारे त्या चिठोऱ्यावर असते. वर्गातील चाळीस मुलांनी आपापल्या घरच्या व शेजारच्या दहा वर्षांच्या पट्ट्या आणल्या, तर असा दस्तऐवज तयार होईल की जो कोणत्याही बड्या संस्थेजवळ सहजासहजी असणार नाही. उशीर केला तर मात्र तो मिळणार नाही; कारण तार भरली की जुन्या पट्ट्या चुलीत जातात.

जमिनीचे तेच. विषमता मोजण्याचा लॉरेन्झ वक्र काढता येणारा आणि सातबारा वाचता न येणारा अर्थशास्त्राचा पदवीधर आपण तयार करतो. खातेउतारा आणि फेरफार एकत्र वाचले तर एका गावातील जमीन तीन पिढ्यांत कोणाकडून कोणाकडे गेली, वाटण्या कधी झाल्या, बहिणींची नावे कधी लागली आणि हक्कसोडपत्राने कधी कमी झाली, हे दिसू लागते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. तिचा परिणाम आपल्या तालुक्यात किती झाला, हे विचारणारी विद्यार्थिनी त्याच वर्गात बसलेली असते आणि तो प्रश्न तिच्या स्वतःच्या घरचाही असतो.

असे काम म्हणजे नुसती माहिती गोळा करणे, त्याला संशोधन म्हणता येत नाही, असा आक्षेप विद्यापीठीय वर्तुळांतून येतो. तो अर्धा खरा आहे. हाती आलेले आकडे कोष्टकात भरून ‘यावरून असे दिसते की’ असे लिहिणे म्हणजे संशोधन नव्हे. विद्यार्थ्यांनी केलेल्या पाहण्या अनेकदा ढिसाळ असतात, हेही खरे. ‘आपले वार्षिक उत्पन्न किती?’ असा प्रश्न घेऊन दारात गेलेल्या मुलाला खरे उत्तर मिळणार नाही. शेतकऱ्याला स्वतःलाच ते त्या स्वरूपात माहीत नसते. कोणते पीक, किती क्विंटल, कोठे विकले, पट्टी दाखवाल का, असे विचारले तर उत्तर हळूहळू उलगडते. नमुना कसा निवडावा, गावकुसाबाहेरची घरे सुटत कशी नाहीत हे कसे पाहावे, पाच वर्षांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत का विचारावा, कुटुंबाचे नाव गुप्त का ठेवावे, हे शिकवावे लागते आणि त्याला शिकविणाराही तयार असावा लागतो. मूळ भरलेल्या प्रश्नावल्या जपून ठेवणे हे तर सर्वांत महत्त्वाचे, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्मिळ. निबंध छापून झाला की प्रश्नावल्यांचे गठ्ठे रद्दीत जातात, मग पुढच्याला तुलना करावयास काही उरतच नाही.

आणखी एक गोष्ट. पाहणीचे अहवाल मराठीत निघाले पाहिजेत. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या ‘अर्थसंवाद’सारखी नियतकालिके आहेत, पण गुणांच्या बाजारात मराठी निबंधाकडे पाहण्याची दृष्टी दयेची असते. ज्या गावाने दारे उघडून हिशेब सांगितला, त्या गावाच्या ग्रामसभेत अहवाल वाचला गेला तर चुका तेथल्या तेथे कळतील. ‘इतके लोक येऊन फॉर्म भरून गेले, पुढे काय झाले कळले नाही’ ही खेड्यांतली तक्रार मुळीच अनाठायी नाही.

धोका आणि मुदत

हे सर्व आजच मांडण्याचे कारण नवे शैक्षणिक धोरण. २०२० च्या धोरणानुसार महाराष्ट्रात जी पदवीची रचना आली, तिच्यात फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभागाचा उपक्रम आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्याला चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करून विशेष पदवी घेण्याची तरतूदही आयोगाच्या आराखड्यात आहे. कागदावर पाहता स्लेटर यांनी १९१६ साली जे केले, ते करण्याची मुभा प्रत्येक महाविद्यालयाला मिळाली आहे.

ती कशी वापरली जाते हे पाहिले की काळजी वाटते. महाविद्यालयाच्या फाटकासमोरील झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले आहेत. मुखपृष्ठावरील नाव व आसनक्रमांक तेवढा बदलावयाचा. अध्यापकांच्या निबंधांच्या बाबतीत जे घडले तेच आता विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या बाबतीत घडू पाहत आहे, आणि हे नुकसान अधिक खोल आहे. प्रौढ माणसाने बढतीसाठी केलेली तडजोड त्याच्यापुरती असते. एकोणीस वर्षांच्या मुलाला न केलेली पाहणी केल्याचे लिहावयास लावणे, आणि त्याबद्दल श्रेयांक देणे, ही त्याच्या शिक्षणाची सुरुवातच चुकीची करणे होय.

अध्यापकांची बाजूही पाहावी लागेल. अनेक महाविद्यालयांत एकेका विषयाचा भार तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुणांवर आहे. तासाच्या हिशेबाने मानधन मिळणारा, पुढच्या वर्षी आपण येथे असू की नसू याची खात्री नसलेला माणूस दहा वर्षांच्या पाहणीचा संकल्प कसा करील? एकाच जागी टिकून राहणे हे या कामाचे भांडवल आहे आणि नेमके तेच आपण त्याला नाकारीत आहोत. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या २०२३ च्या कायद्याबरोबर पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची भाषा झाली. त्यातील बराच मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून येईल अशी अपेक्षा आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील अर्थशास्त्र विभागाला त्यातून काही मिळेल असे मानण्यास जागा नाही. पण येथे लागणारा पैसाही थोडा आहे. एस.टी.चे भाडे, छापील प्रश्नावल्या, ग्रंथालयात एक कुलूपबंद कपाट आणि पाहणीच्या दिवसांत अध्यापकाला वर्गाच्या तासांतून सूट, यांहून अधिक खर्च पहिल्या वर्षी तरी येत नाही.

नियतकालिकांची निवड आता विद्यापीठांवर सोपविलेली आहे, आणि आयोगाच्या जानेवारी २०२५ च्या मसुद्यात भारतीय भाषांतील अध्यापन व समाजसहभाग यांचा अध्यापकाच्या उल्लेखनीय कार्यात समावेश होता. विद्यापीठांच्या विद्वत्परिषदांनी याचा आधार घेऊन एक साधा ठराव करावा : महाविद्यालयाने निवडलेल्या एका गावाची, वॉर्डाची वा बाजारपेठेची, मूळ प्रश्नावल्यांसह ग्रंथालयात जतन केलेली आणि बाहेरच्या दोन जाणकारांनी तपासलेली पाहणी, प्रकाशित निबंधाच्या बरोबरीने धरली जाईल. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये दाखल झालेली मुले २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला येतील. त्यांच्या प्रकल्पांसाठी गाव कोणते घ्यावयाचे, त्याचे जुने दप्तर कोठे आहे आणि पहिली प्रश्नावली कोण तयार करणार, एवढे तरी त्यापूर्वी विभागाविभागांतून ठरले पाहिजे.